तूच असशील

उद्यमबागेत शुक्रवारी रात्री भट्टी विझत नाही,
आवाज तेवढा खाली बसतो.
वर, हिशेबाच्या खोलीमागे, एसीच्या गारठ्यात
मी आणि चार काळी खोकी.
स्वेटर घरी राहिला.

भोक कुठे आहे ते दुपारीच कळलं होतं.
आमच्याकडे प्रत्येक यंत्राच्या नावामागे
डॉलरची एक खूण असते, शेपटीसारखी.
माणसांच्या नावामागे नसते.
आता समजा, पॅकिंगमधला एखादा पोरगा,
ज्याला फक्त पावत्या छापायचा हक्क,
एक नवं यंत्र नोंदवतो
आणि त्याला थेट मुख्य सर्व्हरचंच नाव देतो,
शेपटी वगळून.
त्या नावावर पहिलं तिकीट काढतो,
लगेच नाव बदलतो,
आणि तेच तिकीट घेऊन पुन्हा खिडकीशी येतो.
सर्व्हर वही चाळतो. त्या नावाचं कुणीच नाही.

इथे त्यानं नाही म्हणायचं होतं.
पण तो जुन्या वळणाचा, भिडस्त.
आपणच शेपटी जोडून बघतो नि म्हणतो,
अरेच्चा, साहेब, तुम्ही होय!
आणि किल्ल्यांचा सगळा जुडगा
पावत्यावाल्याच्या हातात.

चोराची हुशारी यात थोडीच.
भोक भिडेचं आहे.

महांतेशला फोन लावला, हुबळीला.
मी मराठीत बोलते, तो कन्नडात,
अकरा वर्षांत दोघांचंही काही अडलं नाही.
मदल लॉग नोड्री मॅडम, तो म्हणाला.
आधी नुसतं बघा. सक्ती नंतर.

कुणालाही दहा यंत्रं नोंदवायची मुभा होती,
कुणी मागितली नव्हती, खोक्यातूनच आली होती.
ती शून्य केली. ठिगळ लावलं.
मग तीन आठवडे नुसती नोंद:
सक्ती झाली तर कोण कोण दाराबाहेर राहील.

यादीत चोर एकही नव्हता.
वाळू तपासायच्या खोलीतला तो पिवळा पडलेला संगणक.
कोअर शॉपचं जर्मन मशीन, ज्याची कंपनीच आता नाही.
आणि बाबू अष्टेकर, निवृत्त,
जो रोज सहाला हजर होतो,
कारण विजेचा मीटर अजून त्याच्याच नावानं आत येतो.

बाबांचं पेन्शन असंच अडलं होतं.
एका कागदावर कडोलकर, दुसऱ्यावर कडोळकर.
मधे कुठेतरी, एका लिपीतून दुसरीत जाताना,
कुणाच्या तरी जिभेनं ल जड केला.
चार खेपा. खिडकीतली बाई वाईट नव्हती.
तुम्हीच असाल हो काका, ती म्हणायची,
पण हे नाव म्हणजे तुम्ही नाही.
तेव्हा मला वाटलं होतं, काय बिघडलं असतं
तिनं आपणच एक अक्षर बदललं असतं तर?

आज त्याच खिडकीच्या आतल्या बाजूला बसलेय.
जर्मन मशीनला वेगळी खोली दिली, वेगळी तार.
मीटरला त्याचं स्वतःचं नाव.
बाबूंचं खातं बंद करताना हात थांबला,
उगाच, माणूस तर वडगावात मजेत आहे.
वाळूच्या संगणकाचं अजून ठरत नाही.
तो राहिला बाहेर तर सोमवारी
शिंत्रे माझ्या टेबलाशी येऊन उभे राहतील.

एक वाजून दहा मिनिटांनी सक्ती सुरू केली.
काहीच झालं नाही.
असं काम झालं की काहीच होत नाही.

खाली आले तर गेटवर परगौडा,
कानाला मफलर, समोर वही.
मागच्या महिन्यात त्यानंच एकाला
साहेबांचा भाचा समजून आत सोडलं होतं,
नुसत्या चपलांवरून.
हेसर हेळ्री, म्हणाला.
अरे, ओळखत नाहीस काय मला?
ओळखतो की. रोज बघतो.
नाव सांगा.

आणि मी, डब्याच्या पिशवीत,
चमच्याखाली, ओल्या नॅपकिनखाली,
ओळखपत्र शोधत राहिले.